कोणी विचारीत नाही

ऑगस्ट महिन्यातल्या एखाद्या रात्री अंधेरीच्या पलीकडे, सहारच्या विमानतळाबाहेर तासभर उभे राहावे. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीची घरेच्या घरे तेथे उठून आलेली दिसतात. जाणारा एक आणि पोचवायला आलेले नऊ. आजी काठी टेकीत येते, बाप पासपोर्टची चौकशी तिसऱ्यांदा करतो, आई काहीच बोलत नाही. कुणीतरी खिशातून छोटा वजनकाटा काढतो, 23 किलोंची मर्यादा ओलांडलेली निघते आणि फुटपाथवरच बॅग उघडली जाते. त्या बॅगेतून जे बाहेर येते त्यावरून आपल्या मध्यमवर्गाचा इतिहास लिहिता येईल, असे मला नेहमी वाटते: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुकर, कुकरची जादा रिंग, लोकरी कानटोपी, आणि रुमालात गुंडाळलेला वीतभर गणपती. शेवटी काढून ठेवतात ती पुस्तके.

गेल्या वर्षी त्या नवांत मी होतो. माझ्या पुतणीची मुलगी अमेरिकेत एम. एस. करायला निघाली. मला ती आबा म्हणते. जन्म मुलुंडचा, वाढ मुलुंडची; व्ही. टी.च्या गाडीला लोंबकळत कॉलेज केलेली मुलगी, तेव्हा धीटपणाबद्दल शंका नव्हती. पहिले तीन आठवडे तिने फोनवर नुसते कौतुक केले. झाडे केवढी, रस्ते कसे, ग्रंथालय रात्रभर कसे उघडे असते. मग एका रविवारी सकाळी फोन आला आणि आवाज निराळा लागला.

"आबा, इथं मला कोणी काही विचारतच नाही."

"म्हणजे काय विचारीत नाही?"

"काहीच. जेवलीस का, कुठं चाललीस, नाव काय, गाव कुठलं. प्रोफेसरला नावानं हाक मारायची, तेही मला नुसत्या नावानं हाक मारतात. आडनाव कुणाला ठाऊकच नाही. मी आजारी पडून खोलीत चार दिवस राहिले ना, तरी कुणाला कळायचं नाही."

मी तिला धीर दिला, तो वडीलधाऱ्यांनी द्यायचा तसाच, म्हणजे निरुपयोगी. पण तिचे ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. कुणी काही म्हटले की मागे कोण असे म्हणाले होते ते शोधण्याची खोड आहे. आणि शोधता शोधता मला दिसले की हेच वाक्य अगदी उलट अर्थानेही म्हणता येते.

परमुलखात गेलेल्या माणसाच्या या अवस्थेला 'कल्चर शॉक' हा शब्द रूढ करण्याचे श्रेय कालेर्व्हो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञाकडे जाते. त्याचा त्या विषयावरील गाजलेला लेख 1960 सालचा. आधी मधुचंद्र, मग संकट, मग हळूहळू सावरणे आणि शेवटी रुळणे, अशा पायऱ्या त्याने सांगितल्या. माझ्या नातीच्या तीन आठवड्यांनी त्याला पुष्टीच दिली. आपण मराठीत 'सांस्कृतिक धक्का' म्हणतो. मुंबईकराला धक्का म्हटले की आधी भाऊचा धक्का आठवायचा, जिथे होडी लागते तो! तो अर्थही येथे अगदीच गैरलागू नाही. माणूस कोणत्या धक्क्यावरून निघाला यावर त्याला कोणता धक्का बसणार हे पुष्कळसे ठरते.

आपल्याकडून शिक्षणासाठी अमेरिकेस गेलेल्यांत आनंदीबाई जोशी यांचे नाव आधी येते. मुलुंडहून कल्याण पाऊण तासाच्या आत येते. त्या कल्याणचे हे माहेर. 31 मार्च 1865 चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेलेले. पती गोपाळराव टपालखात्यात. 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून आगबोटीने निघालेल्या आनंदीबाई 4 जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. त्यांना कोणी विचारीत नव्हते असे मुळीच नाही. निघण्यापूर्वी इतक्या जणांनी इतके प्रश्न विचारले की श्रीरामपूरच्या कॉलेजात जाहीर सभेत उभे राहून त्यांना उत्तरे द्यावी लागली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्यांचा शब्द होता. तो त्यांनी फिलाडेल्फियाच्या थंडीत पाळला, शाकाहार सोडला नाही. नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहतात, ते त्या हवेत निभेना, तेव्हा लुगडे गुजराती पद्धतीने नेसू लागल्या, पण लुगडेच नेसल्या. खोलीतली शेगडी धड पेटत नसे. एक तर धूर सोसायचा नाही तर गारठा. 11 मार्च 1886 रोजी वैद्यकीची पदवी मिळाली तेव्हा शरीर पोखरले गेले होते. पुढच्या वर्षी 26 फेब्रुवारीला पुण्यात त्या गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

त्या काळी परतणाऱ्याची धास्ती वेगळीच असे. समुद्र ओलांडला म्हणजे प्रायश्चित्त आले. समुद्र कशाला, 1890 साली पुण्यातल्या पुण्यात पंच हौद मिशनमध्ये पाद्र्यांकडे चहा पुढे आला, तेवढ्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि रानडे-टिळकांनाही प्रायश्चित्त चुकले नाही. ही कथा आपण आता हसत हसत सांगतो. परंतु प्रायश्चित्त घेऊन ज्याला परत आत घेतात, त्याची जागा आत असतेच. ज्याला मुळात आत जागाच नव्हती, अशा विद्यार्थ्याचे काय झाले, ते सांगण्यासाठी मी हा लेख लिहावयास बसलो.

1901 च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर तीन-चार मुले उतरली. वडील कोरेगावला कॅशियर होते, सुट्टीत त्यांच्याकडे निघाली होती. नवे कपडे, जरीची टोपी, रेशीमकाठी धोतर अशा थाटात. त्यांतल्या एकाचे वय नऊ-दहा, नाव भीमराव. वडिलांना पत्र पोचलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तर भला माणूस. मुलांची विचारपूस करू लागला आणि आपल्या रीतीप्रमाणे त्याने विचारले, तुम्ही कोण? मुलाने सांगून टाकले की आम्ही महार. मास्तरांचा चेहरा पालटला आणि ते मागे सरून आपल्या खोलीत निघून गेले. पुढे दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा एक बैलगाडी मिळाली, तीही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी. गाडीवान बाजूने चालला. डबा बरोबर होता पण रात्रभर पाणी मिळाले नाही. ही हकिकत त्या मुलाने पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाचे ते टिपण बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. 1990 साली पुस्तिका निघाली.

हा मुलगा परळच्या चाळीत राहून एल्फिन्स्टनमधून 1912 साली बी. ए. झाला. दुसऱ्या वर्षी 2 फेब्रुवारीस वडील वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार 4 जून रोजी झाला, आणि जुलैच्या उत्तरार्धात भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

आता पाहा. धक्के त्यांनाही बसले, आणि तेही आपल्या ओळखीचेच. पहिल्या वसतिगृहात जेवणाचे जमेना, बहुतेक पदार्थ गोमांसाचे आणि अर्धेकच्चे. आठवड्याभरात ते कॉस्मॉपॉलिटन क्लबात राहावयास गेले. तेथून पुढे लिव्हिंग्स्टन हॉल, आणि तेथे नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला तो जन्माचा. इतपत कथा कोणत्याही मुलुंडकर विद्यार्थ्याची शोभेल. परंतु जे माझ्या नातीला टोचले, नेमके तेच या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला मोकळा श्वास वाटले. टेबलाशी बसताना कोणी विचारीत नाही. नळावर कोणी विचारीत नाही. वर्गात शेजारी बसणारा अंग चोरून घेत नाही. चालावे, वाचावे, अंघोळ करावी, झोपावे, या गोष्टी इतर माणसे करतात तशाच करता येतात. वडिलांच्या एका स्नेह्यास तेथून लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुलांबरोबर मुलींनाही शिकवण्याचा आग्रह धरला आहे. पाण्याचे पत्र मला कुठे आढळले नाही. पण मसूरच्या त्या रात्रीनंतर पाण्याच्या साध्या पेल्याची किंमत काय झाली असेल हे कुणी सांगावयास नको.

अमेरिका म्हणजे समतेचा स्वर्ग होता असे मात्र कुणी समजू नये. कोलंबिया उंचावर आहे आणि तिच्या पायथ्याशी हार्लेम, जेथे त्याच वर्षांत काळ्या माणसांची वस्ती वाढत होती; आणि 1913 साली अध्यक्ष विल्सनच्या कारकिर्दीत सरकारी कचेऱ्यांतसुद्धा काळे आणि गोरे यांना वेगळे बसवण्यास सुरुवात झाली. एका टेकडीवर ज्याला कोणी विचारीत नाही, त्याने दहा मिनिटे खाली उतरावे आणि तेथे दुसऱ्याला सगळेच विचारीत असावेत, असा तो देश. बाबासाहेबांच्या ध्यानातून हे गेले नाही. पुढे 1946 साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्याशी त्यांनी पत्रव्यवहार केला.

मिळालेल्या मोकळिकीचे त्यांनी काय केले? अभ्यास केला. अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानवशास्त्राचे 4, शिवाय राज्यशास्त्र. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके घेतली. माझ्या नातीच्या बॅगेतून पुस्तके बाहेर काढली गेली आणि कुकर राहिला, ते आठवून मला थोडे ओशाळवाणे झाले. (कुकरही लागतोच, हे तिच्या आईचे म्हणणे मला मान्य आहे.) 9 मे 1916 रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. जातिबाह्य लग्नाला मनाई हा जातीचा कणा आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्या मनाईची राखण करणारी साधने आहेत, अशी त्यातली मांडणी. ज्याला कोणी काही विचारीत नव्हते त्यानेच शेवटी विचारले, आणि सगळ्या देशाला विचारले.

त्या निबंधात ते ज्यांच्या व्याख्येची चर्चा करतात त्यांत एक मराठी नाव आहे: श्रीधर व्यंकटेश केतकर, आपले ज्ञानकोशकार. तेही अमेरिकेतले विद्यार्थी. कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्यांनी लिहिलेला जातींचा इतिहास 1909 साली तिथल्याच इथाका गावी छापला गेला. हिंदू लोक पृथ्वीवर इतरत्र जाऊन राहू लागले तर त्यांची जात ही साऱ्या जगाची अडचण होईल, हा केतकरांचा विचार आंबेडकरांनी निबंधात उचलून धरला आहे. 2023 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सिअॅटल शहराच्या कौन्सिलने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी केली तेव्हा मला केतकरांची आठवण झाली. भाजणीच्या डब्याबरोबर आणखीही काही जाते, आणि त्याला वजनकाटा लागत नाही.

कोलंबियानंतर लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपली, पुढचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. 21 ऑगस्ट 1917 रोजी मुंबई. महायुद्ध चालू होते; वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तके टॉर्पेडो लागून समुद्राच्या तळाशी गेली. सप्टेंबरात कराराप्रमाणे बडोदा. पाच वर्षांच्या परदेशवासात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे बाबासाहेबांनीच म्हटले आहे. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर ती एका प्रश्नाने परत आली: जायचे कुठे? हिंदूंच्या खाणावळीत घेणार नाहीत. जात लपवली तर उघडकीस येईल. तेव्हा टांगा केला तो पारशी लोकांच्या धर्मशाळेकडे.

व्यवस्थापक वर आला. अंगावर सदरा नाही, कस्ती नाही हे पाहून त्याने तीक्ष्ण आवाजात विचारले, तुम्ही कोण? हा प्रश्न मसूरच्या स्टेशनमास्तरांनी सोळा वर्षांपूर्वी विचारला होता. तडजोड अशी झाली की वहीत पारशी नाव लिहायचे आणि दिवसाला दीड रुपया द्यायचा. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, बाकी मोठा दिवाणखाना मोडक्या खुर्च्या-बाकांनी भरलेला. वीज नाही. संध्याकाळी एक कंदील येई, आणि अंधारात वटवाघळे फडफडत. कोलंबियाचा एम. ए. दिवसा अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी करी आणि रात्री त्या कंदिलाशी वाचीत बसे.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघण्याच्या तयारीत असताना जिन्यावर पावले वाजली. डझनभर पारशी, हातांत काठ्या, एका रांगेत खोलीसमोर उभे. तू कोण? येथे कशाला आलास? पारशी नाव घेण्याची छाती कशी झाली? काही उत्तर देता आले नाही. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम मिळाला. दोन स्नेह्यांकडे त्यांनी विचारून पाहिले. एक हिंदू, तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. दुसरा मूळचा ब्राह्मण, आता ख्रिस्ती. तो म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. पाच तास काढायचे होते. ते कामाठी बागेत गेले आणि बसून राहिले. आठ वाजता बाहेर पडून सामान घेतले, आणि गाडीत बसले. हे लिहिताना मधे अठरा वर्षे लोटली होती, आणि तरीही आठवले की डोळ्यांत पाणी आल्यावाचून राहत नाही असे त्यांनी नमूद केले आहे.

परतण्याच्या धक्क्याची दखल शास्त्राने पुढे घेतली. 1963 साली गुलाहोर्न या अमेरिकन दांपत्याने दाखवून दिले की माणूस दूरदेशी रुळून परत आला म्हणजे घरीही त्याचे पुन्हा तसेच खाली-वर होते. पण घर आपल्याला विसरले, या दुःखाबद्दल ती मीमांसा आहे. बडोद्यात घर विसरले नव्हते. घराला सारे व्यवस्थित आठवत होते.

येथे लेख संपवता आला असता, आणि माझ्या सोयीचे झाले असते. पण एक गोष्ट राहते.

काही वर्षांमागे आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मी कमिटीवर होतो. दुसऱ्या मजल्यावरची जागा भाड्याने द्यायची होती. एक तरुण आला. परदेशातून पदवी घेऊन नुकताच परतलेला, पवईला नोकरी, नम्र, अगदी पुढच्या खुर्चीवर न टेकता बसणारा. चहा झाला. नाव विचारले, मग आडनाव. मग गाव. मग कुणीतरी हसत हसत विचारले, "आणि खाण्यापिण्याचं कसं?" त्याने सरळ सांगितले. पुढे कुणी काही बोलले नाही. कळवतो म्हणून सांगण्यात आले. नियमात काहीच नव्हते, वहीत काही लिहिले गेले नाही. मी बशीतल्या चहाकडे पाहत होतो. त्याने जाताना मला वेगळा नमस्कार केला, कारण मी मास्तर होतो हे कुणीतरी त्याला सांगितले होते. पुढे तो मला एकदा स्टेशनवर भेटला. भांडुपला राहतो म्हणाला. माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मी त्याची कसलीच केली नाही.

परवा नातीचा फोन आला होता. आता ती पुष्कळ रुळली आहे. कोणी विचारीत नाही याची तिला सवय झाली आहे, किंबहुना ते तिला आवडू लागले आहे असे वाटते. तिची एक वर्गमैत्रीण शिक्षण संपवून मुंबईस परत येते आहे, अंधेरीला नोकरी लागली आहे. "आबा, आपल्या बिल्डिंगमध्ये तिच्यासाठी बघाल का? पाचव्या मजल्यावरची जागा रिकामी आहे ना?"

"आहे," मी म्हणालो, "कधी येते आहे ती?"

"नोव्हेंबरात. आडनाव सांगू का, फॉर्मला लागेल."

"नको," मी म्हणालो, "ते मागाहून."

सेक्रेटरींकडे अजून गेलो नाही. कमिटीची सभा भाऊबिजेनंतरच्या रविवारी सकाळी दहाला आहे.